दोन चर्चच्या मधली वाट

रोममध्ये ‘विया देल्ले सेत्ते किएझे’ नावाचा एक रस्ता आहे. अर्थ सरळ आहे, सात चर्चचा रस्ता. गंमत अशी, की त्या सातांपैकी एकही चर्च या रस्त्यावर नाही. एक तो सुरू होतो तिथे जवळपास, दुसरं तो संपल्यावर थोडं पुढे. मधे वाळत घातलेले कपडे, कॉफीची दुकानं, एक बेफाम हमरस्ता आणि दुसऱ्या महायुद्धातल्या एका कत्तलीची जागा. सकाळपासून आठ-नऊ किलोमीटर चालून त्या पाटीखाली उभी होते, तेव्हा मला हे नाव चुकीचं वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत मत बदललं.

आम्ही दोघी ऑक्टोबर २०२५मध्ये तिथे गेलो होतो. मैत्रीण वसईची, कॅथलिक. मी नाशिकची, देवळात गेले तरी खांबच बघत बसणारी. ज्युबिली वर्ष चालू होतं. १३०० साली पोप बोनिफास आठवे यांनी पहिलं ज्युबिली वर्ष जाहीर केलं. आता ते साधारण दर पंचवीस वर्षांनी येतं. त्या वर्षी रोमच्या चार थोर बॅसिलिकांमधली, एरवी बंद असणारी ‘पवित्र द्वारं’ उघडतात. मैत्रिणीला त्या चार दारांतून जायचं होतं. मी म्हटलं, चार करणारच आहेस तर जुन्या रीतीप्रमाणे सात करू, आणि पायी करू.

“अगं, वीस-बावीस किलोमीटर आहे ते. एका दिवसात?”

“सपाट आहे गं. नकाशात बघितलंय मी.”

सात टेकड्यांच्या शहराबद्दल मी हे विधान केलं होतं. तिने ते नंतर दिवसभरात चार वेळा ऐकवलं.

ही रीत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो फिलिप नेरी. जन्म १५१५चा, फ्लॉरेन्सचा. विशीच्या आसपास रोमला आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५९५पर्यंत, तिथेच राहिला. सात चर्चना भेट देण्याची प्रथा त्याच्या आधीपासून होती, पण मरगळलेली. नेरी तरुणपणी, धर्मगुरू होण्याच्याही आधी, रात्री एकटाच ही फेरी करायचा आणि भुयारी दफनभूमीत प्रार्थना करत बसायचा. १५५०नंतर त्याने चार मित्रांना सोबत घ्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता माणसं हजारांनी मोजावी लागली. मुहूर्त त्याने मुद्दाम निवडला होता. उपवासकाळ सुरू होण्याच्या आधीचा गुरुवार, म्हणजे कार्निव्हलचा ऐन धुडगूस. आपल्याकडे गोव्यात ज्याला इंत्रुज म्हणतात तोच हा सण. रोममध्ये त्याला शिमग्याचं उग्र रूप होतं. भर रस्त्यात घोड्यांच्या शर्यती लागत, आणि शहरातल्या ज्यूंना लोकांच्या करमणुकीसाठी जबरदस्तीने पळवलं जाई. नेरीने या सणाला शिव्या घातल्या नाहीत. त्याने त्याच दिवशी दुसरी मौज उभी केली. चालायचं, गायचं, वाटेत बागेत बसून पोटभर खायचं, पुन्हा चालायचं. माणूसच तसा होता. लोक आपल्याला फार पवित्र समजायला लागले की अर्धी दाढी काढून गावभर हिंडायचा.

नेरीने स्थापन केलेल्या ऑरेटरी या मंडळाचे धर्मगुरू आजही ठरावीक दिवशी ही यात्रा काढतात. संध्याकाळी निघून रात्रभर चालतात. आम्ही त्या दिवसांत नव्हतो, म्हणून दिवसाउजेडी निघालो. वार मात्र गुरुवारच धरला.

सकाळी सातला सेंट पीटर्सच्या चौकात होतो. इथल्याबद्दल फार लिहीत नाही. जगात या चर्चवर लिहिलेलं काही कमी नाही, आणि सकाळच्या रांगेत माझं निम्मं लक्ष मैत्रिणीच्या पिशवीकडे होतं. एक गोष्ट मात्र चालताना डोक्यात राहिली. आपण जे पाहतो ते नेरीने कधीच पाहिलं नाही. नव्या चर्चचं काम १५०६मध्ये सुरू झालं आणि त्याचा अभिषेक १६२६मध्ये झाला. नेरीच्या ऐन उमेदीत मायकेलअँजेलो इथला मुख्य स्थपती होता, आणि यात्रेकरू यायचे ते अर्धवट पाडलेल्या जुन्या चर्चमध्ये आणि अर्धवट उभारलेल्या नव्यामध्ये. चौकाला कवेत घेणारी खांबांची रांग तर त्याच्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी आली. म्हणजे ही यात्रा सुरू झाली ती चुना, दगड आणि परांच्यांमधून.

मैत्रीण पवित्र द्वारातून गेली. चौकटीला हात लावला, तो हात कपाळाला लावला. मीही तिच्या मागून गेले. दार सगळ्यांनाच उघडं होतं.

तिथून तायबर नदीच्या कडेने दक्षिणेकडे. नदी आज दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमध्ये खाली वाहते, कारण १८७०च्या पुरानंतर शहराने तिला बांधून काढलं. नाशिककराला हे ओळखीचं आणि थोडं हेवा वाटण्याजोगं. काठावर दोन पूल लागतात, आणि त्या दोघांची मिळून एक गोष्ट आहे. सेंट अँजेलो पूल हा जुना. १४५०च्या ज्युबिलीत, डिसेंबरमध्ये, या पुलावर गर्दी दाटली, एक खेचर बिथरलं आणि चेंगराचेंगरीत शंभराहून जास्त माणसं मेली. पुढच्या, १४७५च्या ज्युबिलीसाठी पोप सिक्स्टस चौथे यांनी दुसरा पूल बांधून घेतला. त्याचं नाव पोन्ते सिस्तो. मला २००३चा आमच्या गावचा कुंभमेळा आठवला, तिथली चेंगराचेंगरीही. यात्रेचा इतिहास लिहायचा तर अर्धा इतिहास गर्दीच्या बंदोबस्ताचा निघेल. दान्तेनेसुद्धा नरकातल्या गर्दीची कल्पना देताना १३००च्या ज्युबिलीत याच सेंट अँजेलो पुलावर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या दोन रांगा कशा केल्या होत्या त्याचा दाखला दिला आहे.

पाण्याची काळजी करू नका, हे जाणाऱ्यांना सांगून ठेवते. रस्तोरस्ती लोखंडी ठेंगणे नळखांब आहेत, शहरभर दोन हजारांहून अधिक. त्यांना ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे नाकाडे. वाकड्या तोटीतून थंड पाणी अहोरात्र वाहत असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि वाकल्याशिवाय पिता येतं. ही युक्ती आम्हाला एका शाळकरी मुलाने शिकवली. पहिल्या प्रयत्नात मैत्रिणीने माझा चष्मा धुऊन काढला.

तेस्ताच्यो भागात एक टेकडी दिसते. झाडं-गवत उगवलेली, पस्तीसेक मीटर उंच, अगदी साधी. ती टेकडी खापरांची आहे. स्पेनमधून आणि उत्तर आफ्रिकेतून तेल भरून आलेले रांजण नदीकाठच्या बंदरात रिकामे व्हायचे. तेल मुरलेलं मडकं पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ते फोडून इथे रचायचे. नीट पायऱ्या-पायऱ्यांनी, वर चुना टाकून. कोट्यवधी रांजणांचा हा ढिगारा. माझ्या मते रोमन साम्राज्य समजायला कोलोसियमपेक्षा हा उकिरडा बरा. शहराचं पोट केवढं होतं ते इथे कळतं.

थोड्या अंतरावर सेस्तियसचा पिरॅमिड. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीचा. एका श्रीमंत रोमनाची कबर, इजिप्तच्या हौसेतून बांधलेली. संत पौलाला शिरच्छेदासाठी याच्याजवळून, ओस्तियाच्या रस्त्याने शहराबाहेर नेलं अशी परंपरा आहे. तसं असेल तर त्याने मरण्यापूर्वी पाहिलेल्या आणि आजही जागच्या जागी असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी हा पिरॅमिड एक. मैत्रीण तिथे बराच वेळ थांबली. बाजूने ट्राम खडखडत होती.

पुढचे दोन किलोमीटर निव्वळ वाहतूक. मग संत पौलाची बॅसिलिका, ‘भिंतीबाहेरची’. शहराच्या तटाबाहेर, कारण रोमन कायद्याने प्रेत तटाच्या आत पुरता येत नसे. हा नियम लक्षात ठेवला की यात्रेची सारी आखणी उलगडते. हुतात्म्यांच्या कबरी बाहेरच्या रस्त्यांवर, मग त्यांवर चर्च बाहेरच, आणि म्हणून यात्रेकरूला अख्ख्या शहराला वळसा.

हे चर्च दिसतं जुनं, पण आहे एकोणिसाव्या शतकातलं. १८२३च्या जुलैत छप्पर दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या हातून आग लागली आणि चौथ्या शतकातली वास्तू एका रात्रीत जळाली. पोप पायस सातवे तेव्हा मरणपंथाला लागले होते. तरुणपणी ते याच चर्चला जोडलेल्या मठात राहिलेले. त्यांना ही बातमी कोणी सांगितलीच नाही. साधारण महिन्याभराने ते गेले, चर्च उभंच आहे असं समजून. पुन्हा बांधायला कुठून कुठून मदत आली! रशियाच्या झारने मॅलाकाइट हा हिरवा दगड पाठवला आणि इजिप्तच्या मुहम्मद अली पाशाने अलाबास्टरचे खांब. ऑर्थोडॉक्स राजा आणि मुसलमान पाशा, दोघांनी मिळून कॅथलिकांचं चर्च सजवलं. खांबांच्या वर पेत्रापासूनच्या सगळ्या पोपांची गोल चित्रं रांगेने आहेत. मुख्य वेदीखाली पौलाची शवपेटी, जिची एक बाजू आता उघडी करून दाखवली आहे. दगड खडबडीत, अगदी साधा. इतक्या झगमगाटाखाली तेवढीच एक गोष्ट माझ्या ओळखीची वाटली.

आणि मग तो रस्ता, सुरुवातीला सांगितलेला.

गार्बातेल्ला ही वस्ती १९२०मध्ये कामगारांसाठी वसवायला घेतली. दोन-तीन मजली घरं, मधे सामाईक अंगण, अंगणात लिंबाची झाडं आणि दोऱ्यांवर चादरी. गिरगावातली चाळ कोणी बागेत नेऊन ठेवावी तसं. एक आजीबाई खिडकीतून खालच्या मजल्यावरच्या बाईशी मोठ्याने भांडत होत्या किंवा गप्पा मारत होत्या. इटालियनमध्ये हे दोन्ही सारखंच ऐकू येतं. आम्ही उभ्याने कॉफी घेतली. बसलं की दर वाढतो, हा अनुभव आदल्या दिवशी घेऊन झाला होता.

त्यानंतर क्रिस्तोफोरो कोलोम्बो हा राक्षसी हमरस्ता आडवा येतो. पलीकडे रस्ता पुन्हा अरुंद होतो, दोमितिल्लाच्या भुयारी दफनभूमीजवळून जातो आणि आर्देआतिना रस्त्याला मिळतो. तिथे, वळणावर, फोस्से आर्देआतिने.

मार्च १९४४. रोम जर्मनांच्या ताब्यात होतं. २३ तारखेला विया राझेल्लामध्ये प्रतिकार चळवळीच्या लोकांनी बॉम्ब फोडला, त्यात जर्मन पोलीस दलाची ३३ माणसं मेली. एका जर्मनामागे दहा इटालियन, असा हुकूम निघाला. दुसऱ्याच दिवशी तुरुंगांतून माणसं गोळा करून या जुन्या खाणींमध्ये आणली आणि मानेत गोळ्या घालून मारली. हिशेबाने ३३० व्हायला हवे होते, झाले ३३५. यादी करताना पाच जास्तीचे आले होते, आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं म्हणून त्यांनाही सोडलं नाही. नंतर स्फोट करून तोंड बुजवलं. मेलेल्यांत सैनिक होते, प्राध्यापक, फेरीवाले, एक धर्मगुरू, सत्तरहून अधिक ज्यू, आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा.

आज तिथे एक अवाढव्य सपाट काँक्रीटची शिळा आहे, जमिनीपासून जेमतेम वर उचललेली. तिच्याखाली ३३५ सारख्या कबरी ओळीने. फटीतून येणारा आडवा उजेड, बाकी अंधार. प्रवेशाला पैसे नाहीत, मार्गदर्शकांची झुंबड नाही. मैत्रिणीने जपमाळ काढली, मग पुन्हा खिशात ठेवली. “इथे ज्यू पण आहेत ना,” एवढंच म्हणाली. सात चर्चच्या यादीत ही जागा नाही. पण त्या वाटेने चालणाऱ्याला ती चुकवता येत नाही. बसने गेलो असतो तर ती आम्हाला दिसलीच नसती.

संत सबास्तियनचं चर्च तिथून जवळ, विया आप्पियावर. बाहेरून आठवड्याच्या बाजारातल्या गोदामासारखं साधं. ‘कॅटाकोम’ हा शब्द जगाला दिला तो या जागेने. इथल्या खोलगट जमिनीचं नाव ‘आद काताकुम्बास’ होतं, पुढे अशा सगळ्याच भुयारांना ते लागू झालं. खाली उतरल्यावर एका भिंतीचा तुकडा आहे, तिसऱ्या शतकातला. तिच्यावर शेकडो ओरखडे. पेत्रा, पौला, आमच्यासाठी प्रार्थना करा, अमक्याची आठवण ठेवा. ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये, वेड्यावाकड्या अक्षरांत. आपल्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. पण सतराशे वर्षं गेली की ओरखड्याचंही संशोधन होतं, काय करणार! त्यांतल्या एकाने लिहून ठेवलंय, की त्याने पेत्र आणि पौल यांच्यासाठी इथे जेवण घातलं. मृतांच्या नावाने त्यांच्या कबरीपाशी बसून जेवायची रोमन लोकांची चाल होती, ती ख्रिस्ती झाल्यावरही सुटली नाही. म्हणजे नेरीच्या बागेतल्या पंगतीला तेराशे वर्षं आधीचा आधार आहे. हे वाचून मला भूक लागली.

वर चर्चमध्ये एका दगडावर दोन पावलं उमटलेली आहेत. कथा अशी. नीरोच्या छळाला भिऊन पेत्र या रस्त्याने रोम सोडून निघाला. समोरून येशू येताना दिसला. प्रभू, कुठे निघालात? येशू म्हणाला, पुन्हा क्रुसावर चढायला, रोमला. पेत्र माघारी फिरला. येशू उभा होता तिथे ही पावलं उमटली. भेटीच्या जागी, शहराकडे जाताना वाटेत, ‘क्वो वादिस’ नावाचं लहानसं चर्च आहे. तिथे या दगडाची नक्कल ठेवली आहे. अभ्यासकांचं म्हणणं वेगळं. ख्रिस्तपूर्व धर्मातल्या कोणा प्रवाशाने, सुखरूप जाऊन परत येऊ दे म्हणून किंवा परत आलो म्हणून, देवाला वाहिलेली ही पावलं असावीत. पादुकांच्या मुलखातून आलेल्या मला दोन्ही गोष्टी सारख्याच पटल्या.

आता तक्रार. विया आप्पिया म्हणजे रस्त्यांची राणी, इ.स.पू. ३१२मध्ये बांधायला घेतलेली, २०२४मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेली. संत सबास्तियनपासून शहराच्या तटापर्यंतच्या तिच्या भागाला बहुतेक ठिकाणी पदपथच नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे जेमतेम दोन गाड्यांची जागा, आणि रोमन चालक. पहिला टप्पा संत कॅलिस्टसच्या भुयारांच्या आवारातून काढता येतो. सुरूची झाडं, शेतं, शांतता. पण बुधवारी ते बंद असतं, म्हणून बुधवार टाळा. ‘क्वो वादिस’नंतर मात्र सुटका नाही. आम्ही भिंतीला चिकटून एकामागे एक चाललो. दोन हजार वर्षं लोक या रस्त्याने सुखरूप परतण्यासाठी नवस का बोलत होते, ते अंगावर काटा येऊन समजलं. रविवारी इथे वाहतुकीवर बंधनं असतात. मला पुन्हा जायचं झालं तर नेरीचा गुरुवार सोडून रविवारीच जाईन.

सान सबास्तियानो दरवाजातून तटाच्या आत आलो, काराकाल्लाच्या स्नानगृहांचे भग्न डोंगर ओलांडले आणि चेलिओ टेकडीवरच्या बागेत शिरलो. नकाशात सपाट दिसणारी टेकडी. आज ही बाग व्हिला चेलिमोंताना म्हणून सगळ्यांना खुली आहे. नेरीच्या काळी मात्तेई घराण्याची होती आणि यात्रेची पंगत इथे बसायची. पाव, वाईन, चीज, अंडं, सलामी असा बेत. वाद्यं असत, गाणी असत. ही गाणी लॅटिनमध्ये नव्हती, लोकांच्या इटालियनमध्ये होती. नेरीच्या मंडळीसाठी जोव्हान्नी आनिमुच्चासारखा व्हॅटिकनचा संगीतकार ती रचत असे. पाश्चात्त्य संगीतातल्या ‘ऑरेटोरिओ’ या प्रकाराला नाव मिळालं ते याच ऑरेटरीवरून. बागेत एक दगडी आसन आहे. नेरी आपल्या शिष्यांशी इथे बसून बोलत असे, असं त्यावर कोरलेलं आहे.

आम्ही पाव, पेकोरिनो चीज आणि उकडलेली अंडी घेतली होती. सलामीच्या जागी माझ्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. आणि तिथे बसल्या बसल्या मी मैत्रिणीला फादर स्टीफन्सची गोष्ट सांगितली. तिला ती अर्धी माहीत होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण १५७५च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात, क्विरिनाल टेकडीवरच्या संत आंद्रेच्या नवशिक्या जेझुइटांच्या मठात दाखल झाला. तेही ज्युबिली वर्षच होतं. नेरी तेव्हा साठ वर्षांचा होता आणि रोमभर गाजत होता. स्टीफन्स पुढे १५७९मध्ये गोव्याला पोचला, आपल्या लोकांत राहिला आणि १६१६मध्ये रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. मराठीत, ओवीत, दहा हजारांहून जास्त ओव्या. सामान्यांच्या भाषेत देवाचं गाणं करायचं, ही हवा त्याच्या तरुणपणीच्या रोममध्ये खेळत होतीच.

“आणि आमच्याकडे चर्चमध्ये मराठी गाणी कधी आली माहितीये? माझी आई लहानपणी लॅटिनमध्येच ऐकायची,” मैत्रीण म्हणाली. पुरीबरोबर पेकोरिनो चांगलं लागतं, असाही शोध तिने लावला.

तिला आणखी एक जोडायचं होतं. नेरीला १६२२मध्ये संतपद मिळालं ते एकट्याला नाही. त्याच दिवशी गोव्याचे म्हणून आपण ओळखतो ते फ्रान्सिस झेवियर, लोयोलाचे इग्नेशियस, आविलाची तेरेसा आणि शेतकरी इसिडोर यांनाही. झेवियरसह हे चौघंही स्पेनकडचे. रोमकर तेव्हा म्हणायचे म्हणे, की पोपने आज चार स्पॅनिश माणसांना आणि एका संताला संत केलं.

लॅटेरानचं संत जॉन चर्च हे रोमचं खरं कॅथेड्रल. सेंट पीटर्स नव्हे. चौकातला ओबेलिस्क थेबेसहून आणलेला, इ.स.पू. पंधराव्या शतकातला, आज उभ्या असलेल्या प्राचीन ओबेलिस्कांमध्ये सगळ्यांत उंच. मधल्या दाराची ब्राँझची कवाडं रोमन सिनेटच्या सभागृहातली. आत बारा प्रेषितांचे पुतळे इतके भव्य, की मला त्यांच्या गुडघ्यांपलीकडे काही आठवत नाही.

समोरच्या इमारतीत ‘स्काला सांता’ आहे. येशू ज्या २८ पायऱ्या चढून पिलाताकडे गेला त्या हेलेना राणीने जेरुसलेमहून आणल्या, अशी श्रद्धा. त्या फक्त गुडघ्यांवर चढायच्या. १७२३मध्ये संगमरवराची झीज थांबवायला त्यांवर अक्रोडाच्या फळ्या घातल्या. २०१९मध्ये दुरुस्तीनंतर साधारण दोन महिने तो संगमरवर उघडा ठेवला होता, तेव्हा गुडघ्यांनी पडलेले खोल खळगे लोकांना दिसले. पंधरा किलोमीटर चाललेल्या पायांनी मैत्रीण चढली. अर्धा तास लागला. मी बाजूच्या साध्या जिन्याने वर जाऊन तिची वाट बघत बसले, आणि उगाच अपराधी वाटून घेतलं.

‘जेरुसलेममधला पवित्र क्रूस’ हे चर्च तिथून दहा-बारा मिनिटांवर. नावात ‘जेरुसलेममधला’ असं का? हेलेनाने जेरुसलेमची माती आणून तळाशी पसरली, म्हणून. म्हणजे तिथे उभं राहिलं की आपण जेरुसलेममध्येच. जे दूर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी तीर्थ उचलून घरी आणायचं, ही सोय आपल्याला नवी नाही. छोटी चर्चं दुपारी बंद असतात. आम्ही पोचलो तेव्हा नुकतंच उघडत होतं.

सहावं संत लॉरेन्सचं, पुन्हा तटाबाहेर, मोठ्या दफनभूमीला लागून. ते मला सगळ्यांत आवडलं. सहाव्या आणि तेराव्या शतकांतली दोन चर्चं एकमेकांना जोडून झालेलं. त्यामुळे आत जमिनीच्या पातळ्याच जुळत नाहीत, आणि ते कोणी लपवलेलंही नाही. १९ जुलै १९४३ला दोस्तांच्या विमानांनी या भागावर बॉम्ब टाकले. शेजारच्या रेल्वेयार्डावर रोख होता, मेली ती वस्ती. चर्चचं पुढचं अंग कोसळलं आणि होते तेच दगड वेचून पुन्हा उभं केलं.

इथे तळघरात पोप पायस नववे यांची कबर आहे. १८८१मध्ये त्यांचं शव सेंट पीटर्सहून इथे आणत असताना, रात्रीच्या वेळी, पोपसत्तेच्या विरोधकांनी ते तायबरमध्ये फेकायचा प्रयत्न केला होता. मैत्रीण मात्र वेगळ्याच कारणाने त्या कबरीपाशी गेली. याच पोपने १८६२मध्ये जपानच्या २६ हुतात्म्यांना संतपद दिलं. त्यांत गोन्सालो गार्सिया होते, १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले. त्यांचा जन्म वसईचा. “आमच्या गावचा माणूस,” ती कबरीकडे बघून हळूच म्हणाली, जणू पायस नववे यांना आठवण करून देत होती.

शेवटचं सांता मारिया माज्योरे. पाचव्या शतकातल्या मोझाइकसाठी जग इथे येतं, पण २०२५मध्ये रांग निराळी होती. २६ एप्रिलला पोप फ्रान्सिस यांना इथे पुरलं. भिंतीतला एक कोनाडा, फिक्या रंगाची शिळा, तीवर एकच शब्द, ‘फ्रान्सिस्कुस’. एक पांढरा गुलाब. रक्षक हळू आवाजात पुढे सरकायला सांगत होता. जवळच्याच चॅपेलमध्ये मारियेचं जुनं चित्र आहे. प्रत्येक परदेश प्रवासाआधी आणि परत आल्यावर फ्रान्सिस विमानतळाच्या वाटेवर या चित्रापुढे येऊन बसायचे. मला सकाळच्या दगडावरची ती दोन पावलं आठवली.

बाहेर पायरीवर बसून आम्ही बूट काढले. माझ्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड. पिशवीत एक अंडं आणि दोन पुऱ्या उरल्या होत्या, त्या वाटून घेतल्या. मग तेर्मिनीवरून ६४ नंबरची बस पकडली. सकाळपासून पायांनी जो वळसा घातला त्याच्या पोटातून ती अर्ध्या तासात जाते. खिसेकापूंसाठी ती बदनाम आहे, म्हणून पिशव्या पोटाशी. कोर्सो व्हित्तोरिओवर एका थांब्याचं नाव पुकारलं गेलं, ‘किएझा नुओव्हा’. नेरीचं चर्च. तो तिथे पुरलेला आहे.

“उतरायचं?” मी विचारलं.

मैत्रिणीने पायांकडे बघितलं. दार बंद झालं, बस पुढे निघाली.